उन्हाळी सुटी आणि पायी फिरण्याजोगे अलिबाग

परीक्षा संपून शाळांना सुटी लागली की शिरपूरचे ऊन अंगावर येऊ लागते. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो, दुपारी आग्रा रोडवर माणूस दिसत नाही आणि घराघरांतून मुलांचा एकच धोशा सुरू होतो, "या सुटीत कुठे जायचे?" आपल्याकडे याचे उत्तर ठरलेले असते. मामाचे गाव नाहीतर कोणाचे तरी लग्न. शिरपूर, शिंदखेडा, चोपडा, यावल एवढ्याच परिघात आपल्या कित्येक पिढ्यांच्या सुट्या सरल्या.

आपली माणसे प्रवास करीत नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड आणि ३१ जुलैला धुळ्याजवळचा लळिंगचा लांडोर बंगला. या वाटा आपल्या पायांना पाठ आहेत. पण हे सगळे प्रवास अभिवादनाचे असतात. विसाव्यासाठी म्हणून, चार दिवस काहीच करायचे नाही म्हणून, आपण घराबाहेर पडलो असे फारसे घडत नाही. घरात हा विषय काढला तर थोरली माणसे लगेच म्हणतात, "एवढा पैसा पाण्यात घालायचा?" आमच्या घरच्या मोठ्या आईने तर अहिराणीत साफ विचारले होते, "समुद्र देखाले कसाले जावानं? तापी शे ना!"

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन १९४५ साली बारमाही कारखान्यांतील कामगारांना पगारी रजेचा कायदेशीर हक्क मिळाला. पुढच्याच वर्षीच्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. म्हणजे कामगाराने काम तर करावेच, पण त्याला विसावाही मिळावा आणि विसाव्याच्या दिवसांचा पगारही मिळावा, हा विचार बाबासाहेबांनी कायद्यात आणला. सूतगिरणीत, एसटीत, शाळेत, नगरपालिकेत नोकरी करणारी आपली माणसे आज ज्या रजा भोगतात, त्यांच्यामागे हा इतिहास आहे. तेव्हा सुटी घेणे ही चैन आहे, ही समजूत आपण मनातून काढून टाकावी. राहिला प्रश्न सुटी कशी घ्यावी याचा. आम्ही दोन उन्हाळे अलिबागला जाऊन आलो. त्या अनुभवावर आमच्यासारख्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांसाठी हे चार शब्द लिहीत आहोत.

अलिबागच का?

समुद्र पाहायचा तर गोवा आहे, मालवण आहे, गणपतीपुळे आहे. पण या ठिकाणी उतरल्यावर इकडून तिकडे जायला प्रत्येक वेळी रिक्षा नाहीतर भाड्याची गाडी पाहावी लागते. राहणे एकीकडे, किनारा दुसरीकडे, जेवण तिसरीकडे. ज्याच्या हाती गाडी त्याच्या हाती सगळ्यांची सुटी. घरातले थकलेले माणूस आणि घरातली बाई या दोघांना मग गाडीवाल्याच्या सोयीने उठावे-बसावे लागते.

अलिबाग त्या मानाने आटोपशीर गाव आहे. एसटी स्टँडवर उतरून सावकाश चालत निघाले तरी दहा-पंधरा मिनिटांत समुद्र समोर येतो. बाजारपेठ, मासळी बाजार, तलाव, खाणावळी, कान्होजी आंग्रे यांची समाधी हे सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. ज्याला पहाटे उठून किनाऱ्यावर जायचे त्याने जावे, ज्याला आठपर्यंत झोपायचे त्याने झोपावे. गुडघे दुखत असतील त्याने वाळूत बसून राहावे आणि कंटाळा आला की आपल्या पायांनी खोलीवर परतावे. कोणाला कोणाची वाट पाहावी लागत नाही. सुटीचे खरे सुख यातच आहे, असे आमचे मत झाले आहे.

दिवस कसे निवडावेत?

आपल्या घरात कॅलेंडर पाहून तिथी काढली जाते ती पौर्णिमेच्या वंदनेसाठी. समुद्राच्या गावी जाताना तिचा आणखी एक उपयोग होतो. अलिबागचा कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्यात उभा आहे. ओहोटी लागली की तिथपर्यंत चालत जाता येते, भरती आली की वाट पाण्याखाली जाते. म्हणून आधी ओहोटीची वेळ काढावी आणि मग जाण्याची तारीख ठरवावी.

हिशेब सोपा आहे. कोणत्याही पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ निघते. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणून भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास. तिच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी सव्वाआठला पूर्ण ओहोटी. पंचमीला हीच ओहोटी पावणेदहाच्या आसपास येते. अष्टमीला ती भर दुपारी बाराला येते आणि शिवाय ती भांगाची ओहोटी असते, पाणी फारसे मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असल्याने पाणी लांबवर सरते, पण ओहोटी अगदी पहाटे आणि सूर्यास्ताच्या वेळी येते.

यावरून आमचे वेळापत्रक असे ठरले. वैशाख पौर्णिमेला आपल्या विहारात बुद्धजयंती साजरी करायची, दुसऱ्या दिवशी बोचकी बांधायची आणि रात्रीच्या गाडीने निघायचे. द्वितीयेला अलिबाग, तृतीयेला किंवा चतुर्थीला सकाळी किल्ला. शनिवार-रविवार मात्र टाळावा. त्या दोन दिवसांत मुंबईची सारी गर्दी अलिबागवर लोटते आणि खोल्यांची भाडी एकदम चढतात. पौर्णिमेनंतरचे दिवस शनिवार-रविवारी येत असतील तर अमावास्येनंतरचे पाहावेत. मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो, त्याआधी परत यावे हे बरे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या जवळच किनाऱ्यावर आदळले होते. पावसाळ्याच्या तोंडावर त्या किनाऱ्याचा भरवसा धरू नये.

जाण्याची वाट

शिरपूर ते मुंबई अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. सावळद्याचा तापीचा पूल ओलांडला की नरडाणा, धुळे, मालेगाव, नाशिक आणि कसारा घाट असा हा रस्ता. धुळ्याहून रेल्वेचाही पर्याय आहे, पण गाड्यांच्या वेळा बदलत असतात, आधी चौकशी करावी. आम्ही एसटीच निवडली, कारण हिशेब एसटीच्या बाजूने लागतो. १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीचे अर्धे तिकीट आहे. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे तिकीट, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. आमची मोठी आई शहात्तरची. तिला तिकीटच लागणार नाही हे समजले तेव्हा समुद्राविषयीचा तिचा विरोध बराच मावळला. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड मात्र जवळ ठेवावे.

मुंबईहून पुढे दोन वाटा आहेत. एक रस्त्याची, पनवेल, पेण, वडखळमार्गे. या वाटेने एसटी जाते, सवलतही मिळते. दुसरी पाण्याची. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यापर्यंत लाँच जाते, तासाभराचा प्रवास. तिथून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर, आणि लाँच कंपन्यांची बस त्याच तिकिटात गावापर्यंत आणून सोडते. पावसाळ्यात ही लाँच बंद असते. लाँचला एसटीची सवलत नाही. तरीही जाताना एकदा पाण्याने जावे असे आम्ही सांगू. तापीच्या काठावर वाढलेल्या मुलांनी चारही बाजूंना पाणी कधी पाहिलेले नसते. आपली तापी पश्चिमेकडे वाहत सुरतेजवळ याच अरबी समुद्राला मिळते, हे त्यांना लाँचमध्ये सांगावे. भूगोलाच्या पुस्तकापेक्षा ते चांगले लक्षात राहते. परतीला रस्त्याने एसटी धरावी, म्हणजे खर्चाची तोंडमिळवणी होते.

खर्चासाठी आम्ही ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत नऊ महिने घरातच भिशी लावली. प्रवास, खोली, जेवण, किरकोळ आणि अडीअडचण असे पाच कप्पे केले. अडीअडचणीच्या कप्प्याला हात लावायचा नाही असे ठरवले होते आणि तो जसाच्या तसा परत आणला. वाटेसाठी दशम्या, कळण्याच्या पुऱ्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घेतली की मुंबईपर्यंत हॉटेलचे तोंड पाहावे लागत नाही.

खोली मागताना

आता एका गोष्टीबद्दल स्पष्टच बोलू. आपल्या घरातल्या कित्येक वडीलधाऱ्या माणसांना परगावी खोली मागण्याचा संकोच वाटतो. आडनाव विचारतील, मग चेहरा बदलेल, ही धास्ती त्यांच्या मनात असते आणि ती उगाच आलेली नाही. म्हणूनच आजवर आपण नातेवाइकांकडे उतरत आलो, ओळखीवाचून कुठे गेलो नाही. कदाचित आपल्या सुट्या मामाच्या गावापुरत्या राहिल्या त्याचे हेही एक कारण असावे.

या संकोचाला राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने उत्तर दिले आहे. त्यातील दुसरा खंड मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराची ठिकाणे, यांत प्रवेश किंवा वापर करताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कोणत्याही नागरिकाला अडवता येणार नाही, असे तो सांगतो. हॉटेल, तलाव, रस्ता, करमणुकीची जागा. लहान गावात पायी हिंडायला निघालेल्या माणसाला ज्या ज्या गोष्टी लागतात, त्या जवळजवळ सगळ्या या यादीत आहेत. रजेचा हक्क आपल्याला वेळ देतो, आणि हे कलम आपल्याला वाट मोकळी करून देते. तेव्हा खोली मागताना चाचरू नये. भाडे विचारावे, पाणी किती वेळ येते ते विचारावे, खोली पाहावी, पावती घ्यावी. समोरचा माणूस नको ते विचारू लागला तर पुढच्या दारी जावे. गावात खोल्या पुष्कळ आहेत.

पायी हिंडताना

अलिबागचा किनारा गोव्यासारखा पांढरा नाही. वाळू काळपट आणि घट्ट आहे. पण घट्ट असल्यामुळे तिच्यावरून चालणे सोपे जाते, मोठ्या आईसुद्धा न थकता बरेच चालल्या. किनाऱ्याजवळच भूचुंबकीय वेधशाळा आहे. तिची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. हे वेध पूर्वी मुंबईत कुलाब्याला घेतले जात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या विजेने नाजूक उपकरणे बिघडतील म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामात लोखंड टाळले आहे, कारण लोखंडाने चुंबकसूची ढळते.

गावात इस्राएल आळी आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंचे प्रार्थनास्थळ तिथे आहे. अलिबाग हे नावही अली नावाच्या एका बेने इस्राएल गृहस्थाच्या बागांवरून पडले असे सांगतात. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. विसाव्याचा दिवस इतका निष्ठेने पाळला की लोकांनी त्यावरून नावच पाडले, ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

"अलिबागसे आया है क्या?" असे भोळ्या माणसाला हिणवण्याची मुंबईत पद्धत आहे. हा वाक्प्रचार बंद करावा म्हणून अलिबागच्या एका रहिवाशाने याचिका केली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली. अहिराणी बोलल्यावर पुण्या-मुंबईत कसे हसतात हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यामुळे अलिबागकरांशी आपले सूर लवकर जुळतात.

किल्ल्यावर जाताना एक शिस्त पाळावी. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि ओहोटीनंतर तास-दीड तासाच्या आत परतावे. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या माणसांना वेळ विचारून घ्यावी. आपले पाऊणपटीचे गणित ढोबळ आहे, त्यांचे ज्ञान रोजचे आहे. ज्यांना ओल्या वाळूतून चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या असतात. विहिरीत, पाटात पोहणाऱ्या आपल्या मुलांना आपण पट्टीचे पोहणारे आहोत असे वाटते. पण समुद्राची ओढ निराळी असते. गुडघाभर पाण्यापलीकडे त्यांना जाऊ देऊ नये आणि भरती-ओहोटीची वेळ त्यांनाच तोंडपाठ करायला लावावी.

शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याचे बांधकाम हाती घेतले. पुढे आंग्र्यांचे आरमार इथूनच हाले. तटावर इंग्लंडात ओतलेल्या दोन तोफा गाड्यांसह उभ्या आहेत. आत मंदिर आहे, दर्गा आहे. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे चारही बाजूंना खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे.

या किल्ल्याच्या नावापाशी आम्ही थोडे थांबलो. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेचे नाव आपण लहानपणापासून ऐकतो, कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. तो कुलाबा हाच. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते आणि जिल्ह्याचे ठाणे अलिबागला होते. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा सर्वांना खुल्या कराव्यात असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच केला होता. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला सत्याग्रह करावा लागला, आणि त्यावरचा न्यायालयीन निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. त्याच जिल्ह्यातल्या किल्ल्यात मुले विहिरीत डोकावत होती, कोणी त्यांना हटकले नाही. आम्ही तिथे भाषण केले नाही. एवढे मात्र सांगितले, नि मुले पुढे पळाली.

या जिल्ह्यात आपल्याला पाहण्याजोगे आणखी पुष्कळ आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षे संप केला, नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले. बाबासाहेबांनी त्या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले. महाड तर आहेच. पण आमचा सल्ला असा, की चार दिवसांत सगळे कोंबू नये. महाडला अभिवादनासाठी म्हणून वेगळे जावे. विसाव्याच्या दिवसांत विसावाच घ्यावा.

घरच्या बाईची सुटी

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ कुटुंबे सहलीला स्टोव्ह, तांदूळ, पीठ बरोबर नेतात. पैसे वाचतात खरे, पण मग पुरुषांची आणि मुलांची सुटी होते, बाई मात्र शिरपूरची चूल अलिबागला नेऊन बसवते. आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते की चार दिवस घरातली एकही स्त्री स्वयंपाक करणार नाही. एक वेळ खाणावळीत जेवायचे, एक वेळ फळे, पाव, भेळ असे काहीतरी भागवायचे. कपडे ज्याचे त्याने धुवायचे. पहिल्या दिवशी वहिनींना हात रिकामे ठेवून बसणे जमेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच, कोणाला न सांगता, किनाऱ्यावर फिरून आल्या. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण कामाशिवाय, सोबतीशिवाय, नुसते फिरायला म्हणून बाहेर पडण्याचा हा पहिलाच प्रसंग, असे त्या म्हणाल्या. गाव पायी फिरण्याजोगे होते म्हणूनच हे घडले. गाडीची गरज असती तर त्यांनी कोणाला उठवले नसते आणि त्या गेल्याही नसत्या.

परतताना बाजारातून अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची एक माळ आणावी. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चवीला गोडसर असतो. आपल्या खान्देशी तिखट ठेच्याबरोबर तो उत्तम लागतो. आणि पुढच्या ऑगस्टला भिशीचा पहिला हप्ता टाकायला विसरू नये.